बापाने जगाला मशीनगन दिली, पोराने सायलेन्सर

शनिवारी सकाळी अलिबाग-रेवदंडा रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभे राहा. गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. पुण्या-मुंबईकडून आलेल्या बुलेट, त्यांना लावलेले पंजाब नाहीतर इंदोरी सायलेन्सर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. घरं रस्त्याला लागूनच असतात. आवाज थेट पडवीत शिरतो.

पण मोठ्या आवाजाचा नाद फक्त बुलेटवाल्यांनाच असतो असं नाही. रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन या पट्ट्यात मासळी वाहणाऱ्या पिकअपचा सायलेन्सर खाऱ्या हवेत गंजतो आणि एक दिवस भोक पडून गाडी भडभडायला लागते. मग गॅरेजमध्ये प्रश्न येतो. कंपनीचा घ्यायचा, बाहेरचा घ्यायचा, की आतली जाळी काढून सरळ पाइपच टाकायचा? कोणीतरी हमखास सांगतं की जाळी काढली की गाडी मोकळी होते, ओढ वाढते.

आवाज आणि ताकद या दोन गोष्टींची ही गल्लत नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका इंजिनिअरने ती सोडवायला घेतली होती. धूर मोकळा जाऊ द्यायचा आणि आवाज मात्र अडवायचा, हेच त्याचं काम झालं. त्याचं नाव हायरम पर्सी मॅक्सिम. आडनाव ओळखीचं वाटत असेल, तर त्याचं कारण त्याचा बाप.

बाप कोण होता?

पर्सीचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. जन्म १८४०, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका खेड्यातला. शाळा जेमतेम झालेली, पण डोक्यात सतत काहीतरी यंत्र. विजेच्या दिव्यांच्या धंद्यात तो एडिसनचा प्रतिस्पर्धी होता. १८८१ मध्ये कामानिमित्त युरोपला गेला आणि तिकडचाच झाला. लंडनमध्ये कारखाना काढला आणि १८८४ च्या सुमारास एक बंदूक बनवली. गोळी सुटली की बंदूक मागे धक्का देते. त्या धक्क्याचीच ताकद वापरून पुढची गोळी आपोआप भरायची आणि झाडायची, ही त्यामागची कल्पना.

हीच ती मॅक्सिम गन. एकच घोडा दाबून धरायचा आणि मिनिटाला शेकडो गोळ्या. ब्रिटिशांनी आफ्रिकेत ती वापरली. १८९८ मध्ये सुदानच्या ऑमदुरमानच्या लढाईत या बंदुकांपुढे हजारो माणसं मेली. पुढे पहिल्या महायुद्धात अनेक देशांच्या सैन्याकडे मॅक्सिमचीच बंदूक किंवा तिची नक्कल होती. बापाला १९०१ मध्ये ब्रिटिश सरकारने सर ही पदवी दिली.

पण या बंदुकीने स्वतःच्या मालकालाही सोडलं नाही. वर्षानुवर्षं चाचण्यांचे आवाज जवळून ऐकून सर हायरम उतारवयात ठार बहिरे झाले.

आणखी एक किंमत घरच्यांनी मोजली. युरोपला गेलेला बाप परत संसारात आला नाही. तेव्हा पर्सी साधारण बारा वर्षांचा होता. आई जेन आणि दोन बहिणी अमेरिकेत राहिल्या. पोराला बापाचं नाव मिळालं, यंत्रांचा नाद मिळाला, बाप मात्र मिळाला नाही.

सायकलवरून घरी येताना सुचलेली गोष्ट

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. पोरगा हुशार होता. १८८६ मध्ये, वयाची १७ वर्षं पूर्ण व्हायच्या आत, त्याने एमआयटीमधलं शिक्षण संपवलं. काही वर्षं विजेच्या कंपन्यांत काम केलं आणि मग मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यात तो देखरेखीचं काम पाहू लागला.

१८९२ सालची गोष्ट. शेजारच्या सेलम गावात त्याच्या ओळखीची एक मुलगी राहायची. तिला भेटून रात्री उशिरा सायकलवरून लिनला परत येताना पायडल मारून पाय भरून यायचे. तेव्हा त्याच्या मनात आलं, की ही चाकं पायांनीच का फिरवायची? एखादं छोटं इंजिन बसवलं तर?

जर्मनीत कार्ल बेन्झने मोटार आधीच चालवली होती. अमेरिकेतही इतर काही जण याच खटपटीत होते. पण पर्सीला यातलं जवळजवळ काहीच ठाऊक नव्हतं. त्याने शून्यापासून सुरुवात केली.

पेट्रोलमध्ये किती दम आहे हे बघायला त्याने कारखान्यातलंच एक रिकामं पितळी काडतूस घेतलं. त्यात पेट्रोलचा थेंब टाकला, लाकडी बूच लावलं, आतली वाफ पसरावी म्हणून ते जमिनीवर घोळवलं आणि मग बूच काढून पेटती काडी टाकली. जो धमाका झाला त्यावरून एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, की एका थेंबात एवढी ताकद असेल तर खरा प्रश्न ताकदीचा नाहीच. तिला आवरायचं कसं, हा प्रश्न आहे.

मग त्याने तीन सिलिंडरचं एक छोटं इंजिन बनवलं. ते बसवायला नवी गाडी कोण देणार? त्याने दोन माणसांची एक जुनी तीनचाकी सायकल विकत घेतली आणि तिच्यावर हे इंजिन चढवलं. आजच्या भाषेत पक्कं आफ्टरमार्केट काम. गाडी एका कामासाठी बनलेली, तिच्यावर बसवलेली वस्तू भलत्याच कामाची. १८९५ च्या सुमारास तिची चाचणी झाली. क्लच नव्हता, पहिली धाव आपटूनच संपली. पण इंजिन चाललं होतं, आणि पर्सीला तेवढं पुरे होतं.

आवाजामुळे पेट्रोल मागे पडलं

त्याच वर्षी त्याला हार्टफर्ड शहरात पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत नोकरी मिळाली. ही तेव्हा अमेरिकेतली सायकलींची सगळ्यात मोठी कंपनी. कोलंबिया सायकली त्यांच्याच. आता त्यांना मोटारीच्या धंद्यात उतरायचं होतं आणि पर्सीला त्या विभागात काम मिळालं.

इथे त्याची गाठ पडली मालक कर्नल अल्बर्ट पोप यांच्या मताशी. त्यांना पेट्रोलच्या गाड्यांचा भरवसा नव्हता. स्फोट होणाऱ्या यंत्रावर माणसं पैसे देऊन का बसतील, असा त्यांचा रोकडा हिशोब. आजच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण तेव्हाचं पेट्रोल इंजिन धडधडायचं, घोडे बिथरायचे, बसणाऱ्याचे दात वाजायचे. त्यापुढे बॅटरीवरची गाडी म्हणजे गुपचूप चालणारी शहाणी मुलगी.

म्हणून १८९७ मध्ये पोप कंपनीने बाजारात आणली ती इलेक्ट्रिक गाडी. तिच्या आखणीत पर्सीचा मोठा हात होता. म्हणजे ज्याला पेट्रोलची गाडी बनवायची होती, त्याच्याकडून बॅटरीची गाडी बनवून घेतली गेली. कारणांमध्ये आवाज हे मोठं कारण होतं.

पर्सीने पेट्रोल सोडलं नाही. १८९९ मध्ये कनेटिकटमधल्या ब्रॅनफर्ड इथे गोल ट्रॅकवर मोटारींची शर्यत झाली. अमेरिकेतल्या अशा पहिल्या शर्यतींपैकी ती एक. तिथे पर्सी पेट्रोलच्या गाडीने जिंकला. त्याआधी १८९८ मध्ये त्याचं लग्न झालं. बायको जोसेफिन हॅमिल्टन ही मेरीलँड राज्याच्या माजी गव्हर्नरची मुलगी.

पोपचा इलेक्ट्रिक गाड्यांचा धंदा पुढे इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीत गेला आणि १९०७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. बॅटरीच्या गाड्या मागे पडल्या, पेट्रोलच्या पुढे गेल्या. त्यांच्याबरोबर गोंगाटही रस्त्यावर आला.

अंघोळीच्या टबातला भोवरा

पर्सीच्या डोक्यात एक प्रश्न बरेच दिवस घोळत होता. बंदुकीचा आवाज येतो कशामुळे? गोळीमागून तापलेला वायू प्रचंड दाबाने एकदम बाहेरच्या हवेवर आदळतो म्हणून. मग हा वायू सावकाश सोडता आला तर?

सांगतात की उत्तर त्याला अंघोळीच्या टबात मिळालं. टबातलं पाणी सोडलं की ते सरळ खाली जात नाही, भोवऱ्यासारखं फिरत फिरत जातं. फिरण्यात वेळ जातो. वायूलाही असंच फिरवलं तर त्याचा जोर वाटेतच जिरेल.

त्याने नळीच्या तोंडाला बसवायचं एक नळकांडं बनवलं. आत ठरावीक अंतरावर विशिष्ट आकाराच्या चकत्या. गोळीला जायला सरळ वाट मोकळी. वायू मात्र चकत्यांमध्ये अडकतो, भोवरे घेतो, पसरतो, थोडा थंड होतो आणि मग हळूहळू बाहेर येतो. ३० मार्च १९०९ ला त्याला याचं अमेरिकन पेटंट मिळालं. त्याची हार्टफर्डमधली कंपनी हे सायलेन्सर विकू लागली. शिकारी आणि नेमबाजांनी ते घेतले. शेजाऱ्यांची झोप न मोडता सराव करता यावा, हा त्याचा एक मोठा उपयोग.

बापाने बंदूक मिनिटाला शेकडो वेळा वाजवायची सोय केली आणि पोराने तिचं तोंड झाकायची.

तेच तत्त्व गाडीच्या पोटाखाली

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. गाडीचा पहिला सायलेन्सर पर्सीने बनवला असं नाही. रीव्हज बंधूंनी अमेरिकेत १८९७ मध्येच इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं होतं. पण बंदुकीत साधलेली युक्ती इंजिनांना लावणं, हा पर्सीच्या कंपनीचा पुढचा धंदा झाला. मोटारबोटी, मोठी स्थिर इंजिनं, कॉम्प्रेसर अशा गोंगाट करणाऱ्या यंत्रांचे सायलेन्सर कंपनी बनवू लागली आणि पुढे बंदुकीचं काम मागे पडलं.

कारण इंजिनाची अडचण बंदुकीसारखीच आहे. फरक एवढाच की बंदूक अधूनमधून वाजते आणि इंजिन सतत. चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० वेळा धुराचा झटका पाइपात येतो. सायलेन्सरच्या डब्यात तो झटका मोठ्या जागेत पसरतो, भोकांच्या नळ्यांतून जातो, भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढच्या झटक्याशी भिडून थोडा जिरतो. काही डब्यांत काचेचा कापूस असतो, तो उरलेला आवाज पितो.

म्हणजे चांगला सायलेन्सर धूर अडवत नाही, आवाज अडवतो. ज्याला दोन्हीतला फरक कळत नाही तो जाळी काढतो. आवाज वाढला की वाटतं ताकद वाढली. प्रत्यक्षात इंजिनात डिझेल किती जायचं हे ईसीयू किंवा पंप ठरवतो. पाइप मोकळा केला म्हणून कंपनीने बसवलेलं गणित आपोआप बदलत नाही. पिकअपच्या टर्बो डिझेल इंजिनात तर टर्बोचं चाक आधीच धुराचा बराच जोर काढून घेतं. त्यापुढच्या डब्यात काही अडकलं नसेल, तर डबा काढून हाती लागतो तो मुख्यतः गोंगाट. डबा आतून कोसळून वाट बंद झाली असेल, तर गोष्ट वेगळी. मग खरंच ओढ कमी होते. पण त्यावर उपाय नीट डबा बसवणं हाच.

रायगडच्या किनाऱ्यावर सायलेन्सर बदलायचा असेल तर

पर्सीचं तत्त्व आपल्या गाडीला लावून बघू. पहिला प्रश्न, नेमकं काय गेलंय? दरवेळी डबाच बदलावा लागत नाही. कधी फ्लँजचं पॅकिंग जळलेलं असतं, कधी जोडाजवळ पाइप सडलेला असतो, कधी रबर तुटून पाइप लोंबकळत असतो. आवाज कुठून येतोय ते बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका.

दुसरा प्रश्न, गाडी कोणत्या सालची? १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. या डिझेल गाड्यांच्या पाइपात धूर स्वच्छ करणारे भाग आणि त्यांचे सेन्सर असतात. त्यांना हात लावायचा नाही. ते काढून सरळ पाइप टाकला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ताकद कमी करून चालू शकते, आणि धुराचा त्रास होतो तो वेगळा. बदलायचा तो त्यांच्या मागचा आवाजाचा डबा आणि शेवटचा पाइप.

तिसरा प्रश्न धातूचा, आणि किनाऱ्यावर हाच सगळ्यात मोठा. हवेत मीठ आहेच. मासळीच्या गाडीत त्यात भर पडते ती क्रेटमधून गळणाऱ्या खाऱ्या पाण्याची. ते हौद्यातून झिरपत चेसिसवर आणि तापलेल्या पाइपावर पडतं. वरून असा मार बसतो तेव्हा आतूनही गंज चालूच असतो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात पाइपातून जातं. बंदरावरून बाजारापर्यंत चार-पाच किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर डबा पुरता तापत नाही, वाफेचं पाणी आतच साचतं आणि डबा आतून सडतो.

साध्या लोखंडी पत्र्याचा डबा स्वस्त, पण इथे लवकर जातो. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा त्याहून बरा. ४०९ ग्रेडचं स्टेनलेस वरून तांबूस होतं, तरी साध्या लोखंडापेक्षा पुष्कळ टिकतं. ३०४ त्याहून चांगलं आणि महाग. दुकानदार ३०४ सांगत असेल तर खिशातला लोहचुंबक लावून बघा. ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला सहसा चिकटत नाही, फार तर वाकवलेल्या जागी किंचित ओढतो. डब्याच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला बारीक भोक असेल तर उत्तम. ते गळती समजून बुजवू नका.

चौथी गोष्ट बसवण्याची. पाइपाचा व्यास मूळ पाइपाएवढाच ठेवा आणि डबा मूळ डब्यापेक्षा लहान घेऊ नका. झटका पसरायला जागाच नसेल तर आवाज जिरणार कुठे? काम गाडी थंड झाल्यावरच करा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नका, खाली पक्के स्टँड हवेत. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं तर सकाळी बोल्ट तुटत नाहीत. पॅकिंग आणि रबरं नवीन घ्या.

पाइप चेसिसला थेट वेल्ड करून टाकायचा मोह टाळा. तीन मीटरचा पोलादी पाइप ३०० अंशांनी तापला की जवळजवळ एक सेंटिमीटर लांबतो. शिवाय इंजिन आपल्या माउंटिंगवर हलत असतं. रबर हे हलणं सोसतं. रबराच्या जागी वेल्डिंग केलं की काही महिन्यांत पाइप दुसरीकडेच तडकतो. गाडीवर वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची तार सोडा, नाहीतर ईसीयू जाऊ शकतो, आणि डिझेलच्या नळ्या जवळ नाहीत ना ते बघा.

सगळे जोड आधी ढिले लावा. पाइप ब्रेकच्या नळीला, डिझेलच्या टाकीला, स्टेपनीला कुठे घासत नाही ना हे बघून मग इंजिनाकडून मागे येत एकेक जोड आवळा. पाइपाचं तोंड हौद्याच्या बाहेर निघालंच पाहिजे. धूर खाली कोंडला तर तो केबिनमध्ये येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेवटी गाडी थंड असतानाच चालू करून एकाने जाड कापडाने मागचं तोंड काही सेकंद थोडं दाबायचं आणि दुसऱ्याने जोडांपाशी कान द्यायचा. फुसफुस ऐकू आली की तिथे गळती आहे.

नंतरची निगा सोपी आहे. मासळी उतरवली की हौद्याबरोबर गाडीचं पोटही गोड्या पाण्याने धुवा, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग लांब चालवून पाइप पुरता तापू द्या.

आणि कायदा? प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो. कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलासाठी मालकाला एका बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, शिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्स जाऊ शकतं. राज्यात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. जुना डबा काढून त्याच मॉडेलसाठी बनवलेला, तेवढाच शांत डबा बसवणं ही दुरुस्ती आहे. जाळी काढणं हा बदल आहे.

आवाज बंद करणारा माणूस जगभर बोलत होता

पर्सीच्या आयुष्याची दुसरी बाजू मजेशीर आहे. सगळ्यांचे आवाज बंद करणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र लांबवर ऐकू जायचं होतं. त्याला हौशी रेडिओचा नाद लागला. १९१४ मध्ये हार्टफर्डहून साधारण ३० मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला एक संदेश पाठवायचा होता आणि त्याचं यंत्र तिथवर पोहोचेना. मग मधल्या गावातल्या एका हौशी माणसाकरवी त्याने तो पुढे धाडला. आपल्याकडे निरोप गावोगावी हाताहाती जायचा, तसाच.

यातूनच त्याने क्लॅरेन्स टस्का या तरुणाबरोबर अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संघटना उभी केली. एकाने दुसऱ्याचा संदेश पुढे न्यायचा, म्हणून नावात रिले. १९२५ मध्ये हौशी रेडिओवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, तिचा पहिला अध्यक्षही तोच. १९२६ मध्ये त्याने हौशी सिनेमावाल्यांचीही संघटना काढली.

१९३४ हे वर्ष त्याला जड गेलं. त्या वर्षी पत्नी जोसेफिन वारली. त्याच वर्षी अमेरिकेने टोळीयुद्धांना वैतागून बंदुकांचा नवा कायदा केला. ज्या वस्तूंवर २०० डॉलरचा जबर कर आणि नोंदणी आली, त्यांत मशीनगन होती आणि सायलेन्सरही होता. म्हणजे बापाच्या शोधाचं घराणं आणि मुलाचा शोध एकाच कायद्यात बांधले गेले. शेजाऱ्याला त्रास नको म्हणून काढलेली वस्तू लोकांच्या मनात गुन्हेगाराचं हत्यार होऊन बसली. इंजिनांचे सायलेन्सर मात्र चालूच राहिले. त्यांना कोणी घाबरत नव्हतं.

फेब्रुवारी १९३६ मध्ये तो रेल्वेने पश्चिमेकडे निघाला होता. वाटेत तब्येत बिघडली, कोलोराडोतल्या ला हुंटा गावी त्याला उतरवावं लागलं, आणि १७ फेब्रुवारीला तिथेच त्याचा मृत्यू झाला. वय ६६.

बापाविषयी त्याने कडवटपणा धरला नाही. घर सोडून गेलेल्या त्या विक्षिप्त माणसाच्या आठवणी त्याने हसत हसत एका पुस्तकात लिहिल्या. ते १९३६ मध्येच आलं आणि त्यावर १९४६ मध्ये हॉलिवूडने सिनेमाही काढला. हौशी रेडिओच्या जगात त्याची खूण आजही जिवंत आहे. संघटनेच्या मुख्यालयातलं केंद्र डब्ल्यू-वन-एडब्ल्यू या नावाने बोलतं. त्यातलं वन-एडब्ल्यू ही पर्सीचीच जुनी ओळख.

मॅक्सिम गनचं नाव आज बहुतेक युद्धाच्या इतिहासात वाचायला मिळतं. पोराने ज्यासाठी आयुष्य घालवलं ते तत्त्व मात्र रोज रस्त्यावर काम करतंय. पहाटे तीनला बर्फ आणि पापलेट भरून एखादी पिकअप चौल-नागावच्या घरांमधून जाते आणि कोणाची झोप मोडत नाही, तेव्हा गाडीखालचा तो डबा शाबूत असतो.